गुडघ्याची गादी आणि प्रयोगशाळेतली किडनी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सतरा वर्षं पेशी वाढवण्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. आधी सांध्यातल्या कूर्चेच्या, म्हणजे गादीच्या, पेशी, नंतर मूत्रपिंडाच्या. त्यामुळे नात्यात कुणाचे गुडघे दुखायला लागले, सोसायटीत कुणाचं क्रिएटिनिन (मूत्रपिंड नीट गाळत नसेल तर रक्तात साठणारा टाकाऊ पदार्थ) वाढलं, की मला फोन येतोच. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून एकदा नीट लिहून काढले. मी डॉक्टर नाही. औषध कोणतं घ्यावं, ऑपरेशन करावं की नाही, हे तुमच्या डॉक्टरांनीच सांगायचं. संशोधन कुठवर आलंय आणि त्याच्या नावावर काय काय विकलं जातंय, एवढं मी सांगू शकते.

टिश्यू कल्चर म्हणजे केळीच्या रोपांचं असतं तेच ना?

नाव तेच, गोष्ट वेगळी. जळगावकडे टिश्यू कल्चरची केळी सगळ्यांच्या परिचयाची आहे. कंदाच्या कोंबातला नखाएवढा तुकडा घ्यायचा, बाटलीत वाढवायचा, आणि त्यातून मुळं-पानांसकट अख्खं रोप तयार होतं. वनस्पतीच्या पेशीत ती ताकद असते.

आपल्या पेशीत नसते. मूत्रपिंडाचा तुकडा बशीत ठेवला म्हणून मूत्रपिंड उगवत नाही. आधी तो तुकडा विकरांनी विरघळवून पेशी सुट्या कराव्या लागतात. मग ३७ अंश तापमान, हवेत ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, वर साखर, क्षार आणि वासराच्या गर्भाचं रक्तद्रव्य घातलेला गुलाबी द्रव. दर दोन-तीन दिवसांनी द्रव बदलायचा. पेशी बशीच्या तळाला चिकटतात, पसरतात, दुप्पट होतात. बशी भरली की ट्रिप्सिन नावाचं विकर घालून त्यांना सोडवायचं आणि नव्या बशांत वाटायचं. आम्ही याला 'पॅसेज' म्हणतो.

खरी अडचण इथे सुरू होते. पेशी जगते, वाढते, पण आपलं काम विसरते. कूर्चेतली गोल पेशी बशीत चपटी होते आणि टाइप-२ कोलॅजन (कूर्चेतलं धाग्यांचं प्रथिन) सोडून टाइप-१ बनवू लागते. म्हणजे सांध्याची गुळगुळीत गादी विणायची सोडून ती जखमेवरच्या व्रणासारखं काहीतरी विणते. मूत्रपिंडाच्या नलिकेतली पेशीही काही पॅसेजनंतर शोषून घेण्याचं आपलं कसब हरवून बसते. १९८२ साली बेन्या आणि शॅफर या संशोधकांनी दाखवलं, की विसरभोळ्या झालेल्या कूर्चापेशी अ‍ॅगरोजच्या मऊ जेलमध्ये ठेवल्या, म्हणजे त्यांना पुन्हा गोल राहता येईल अशी सोय केली, तर त्या परत टाइप-२ बनवू लागतात. आकार परत मिळाला की कामही परत आठवतं. हा प्रयोग मी पहिल्यांदा वाचला तेव्हा रात्रभर डोक्यातून गेला नाही. पेशी वाढवणं सोपं आहे, तिला तिचं काम आठवत ठेवणं अवघड आहे. खालची निम्मी उत्तरं या एकाच अडचणीची आहेत.

झिजलेली गादी परत का भरून येत नाही? हाताला कापलं तर भरतंच की.

हातात रक्तवाहिन्या आहेत. कूर्चेत रक्तवाहिनीही नाही आणि मज्जातंतूही नाही. तिच्या पेशी अगदी मोजक्या, स्वतःच विणलेल्या जाळ्यात एकेकट्या अडकून बसलेल्या, सांध्यातल्या द्रवातून झिरपेल तेवढ्यावर जगणाऱ्या. दुरुस्तीचं सामान आणायला रस्ताच नाही. विल्यम हंटर या लंडनच्या शरीरशास्त्रज्ञाने १७४३ सालीच लिहून ठेवलं होतं, की कूर्चा एकदा नष्ट झाली की ती परत येत नाही.

मज्जातंतू नसल्यामुळे आणखी एक घोटाळा होतो. गादी झिजताना दुखत नाही. खालचं हाड उघडं पडलं, अस्तर सुजलं की दुखतं. 'ग्रीस संपलं' असं आपण म्हणतो तेव्हा बऱ्याचदा ग्रीस नाही, पृष्ठभागच गेलेला असतो.

स्वतःच्याच पेशी वाढवून गादी बसवता येते असं ऐकलं. खरं का?

खरं आहे, पण सगळ्यांसाठी नाही. स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या ब्रिटबर्ग, पीटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली २३ रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. गुडघ्याच्या भार न येणाऱ्या कडेची चिमूटभर कूर्चा काढायची, काही आठवडे पेशी वाढवायच्या, मग खड्ड्यावर हाडाच्या वेष्टनाचा तुकडा शिवून त्याखाली त्या सोडायच्या. मांडीच्या हाडावर खड्डा होता अशा १६ जणांपैकी १४ जणांना दोन वर्षांनी चांगला गुण आला होता. गुडघ्याच्या वाटीमागे खड्डा असलेल्या ७ जणांत मात्र फक्त दोघांना. एकच हात, एकच पद्धत, तरी जागा बदलली की निकाल बदलला. वाटीमागे घर्षणाची तऱ्हा वेगळी असते, आणि पेशीला ते सोसावं लागतं.

पुढे पेशी थेट सोडण्याऐवजी कोलॅजनच्या पडद्यावर पेरून बसवण्याची पद्धत आली. तिला अमेरिकेत डिसेंबर २०१६ मध्ये मान्यता मिळाली. भारतातही २०१७ पासून अशा कूर्चापेशींना औषध नियंत्रकांची परवानगी आहे.

आता मुद्दा. हा उपचार तरुण माणसाच्या, खेळताना किंवा अपघातात पडलेल्या एखाद-दुसऱ्या खड्ड्यासाठी आहे. सगळा सांधा झिजलेल्या साठीच्या माणसासाठी नाही. रस्त्यावरचा खड्डा बुजवता येतो. रस्ताच वाहून गेला असेल तर बुजवायला कडा कुठून आणणार?

'स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, ऑपरेशन टळेल' अशी जाहिरात आहे. घ्यावं का?

या प्रश्नावर मला राग येतो, तो लपवत नाही. आमच्या शेजारच्या काकांनी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेली मुदतठेव मोडून एका दवाखान्यात दोन्ही गुडघ्यांत इंजेक्शनं घेतली. पोटाची चरबी काढली, यंत्रात फिरवली, तासाभरात गुडघ्यात टोचली. कागदावर ना पेशींची संख्या होती, ना त्या जिवंत होत्या का याची चाचणी. आठ महिन्यांनी ते पुन्हा काठी घेऊन जिना चढत होते.

अभ्यास काय सांगतात ते ऐका. अमेरिकेत चारशेहून अधिक रुग्णांवर झालेला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या आणि नाळेतल्या पेशींची तुलना साध्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनशी केली होती. वर्षभराने एकही प्रकार स्टेरॉइडपेक्षा सरस ठरला नाही. स्वतःच्या रक्तातल्या प्लेटलेटचं इंजेक्शन, म्हणजे पीआरपी, २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियात २८८ जणांवर मिठाच्या पाण्याच्या इंजेक्शनशी ताडून पाहिलं. वेदनेतही फरक नाही, कूर्चेच्या आकारमानातही नाही.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं स्पष्ट आहेत: रक्ताच्या आजारांसाठीचं अस्थिमज्जा प्रत्यारोपण वगळता मूलपेशींचा, म्हणजे स्टेम सेलचा, वापर मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करणं अनैतिक आहे. त्यानंतर एक अपवाद झाला आहे, तोही सांगायला हवा. बंगळूरच्या एका कंपनीने दात्यांच्या अस्थिमज्जेतून वाढवलेल्या पेशींना गुडघ्याच्या संधिवातासाठी २०२२ मध्ये औषध नियंत्रकांनी परवानगी दिली. पण ते बॅच क्रमांक असलेलं, रीतसर चाचण्यांतून गेलेलं औषध आहे. मागच्या खोलीत यंत्र फिरवून तयार केलेल्या द्रवाशी त्याचा संबंध नाही. तेव्हा आधी परवानगीचा कागद मागा. 'कागद कशाला, अनुभव बघा' असं उत्तर आलं तर उठून या.

वाट्या बदलण्याचं ऑपरेशन कसं सुरू झालं?

पहिले प्रयत्न बर्लिनच्या थेमिस्टोक्लीस ग्लुक यांचे. १८९० च्या सुमारास त्यांनी क्षयाने खाल्लेल्या सांध्यांत हस्तिदंती सांधे बसवले. जंतुसंसर्गाने ते निकामी झाले.

आजचं ऑपरेशन ज्यांच्यामुळे उभं राहिलं ते जॉन चार्नली. इंग्लंडमध्ये लँकशायर परगण्यातल्या राइटिंग्टनच्या रुग्णालयात ते खुब्यावर काम करत. त्यांचं म्हणणं साधं होतं: घर्षण कमी करा. म्हणून धातूचा गोळा लहान ठेवला, जेमतेम २२ मिलिमीटरचा, आणि समोरची वाटी टेफ्लॉनची केली. गोळा हाडात पक्का बसवायला दाताच्या डॉक्टरांकडचं अ‍ॅक्रिलिक सिमेंट घेतलं. रुग्ण चालायला लागले, सगळे खूश. तीन-चार वर्षांत टेफ्लॉन झिजलं, त्याच्या चुऱ्याने आजूबाजूचं हाड खाल्लं, आणि सुमारे तीनशे रुग्णांचे खुबे पुन्हा उघडायची वेळ आली.

नवं प्लास्टिक आलं ते कापडगिरण्यांच्या वाटेने. लँकशायरच्या मागांच्या भागांसाठी एक दाट पॉलिएथिलीन विकायला आलं होतं. चार्नलींनी त्यात रस दाखवला नाही. त्यांचा प्रयोगशाळेतला सहायक हॅरी क्रेव्हन याने ते तरीही झिजवण्याच्या यंत्रावर चढवलं. दिवसचे दिवस यंत्र फिरलं आणि प्लास्टिक जवळजवळ जसंच्या तसं राहिलं. चार्नली परदेशातून परतले, आकडे पाहिले आणि मत बदललं. त्याआधी एकदा हातचं गेलं होतं म्हणून या वेळी त्यांनी टेफ्लॉनचा आणि नव्या प्लास्टिकचा तुकडा स्वतःच्या मांडीत बसवून घेतला आणि महिनोन्महिने कुठे गाठ येते ते पाहिलं. टेफ्लॉनच्या जागी आली. नोव्हेंबर १९६२ मध्ये पहिली पॉलिएथिलीनची वाटी रुग्णाला बसली. त्याच कुळातलं प्लास्टिक आजही गुडघ्यात आणि खुब्यात बसतं.

प्रयोगशाळेत खाली मान घालून काम करणाऱ्या प्रत्येक तंत्रज्ञाला मी हॅरी क्रेव्हनची गोष्ट सांगते.

चार्नलींनी ऑपरेशन थिएटरमध्ये गाळलेल्या हवेची बंदिस्त खोली केली आणि डॉक्टरांना शरीर झाकणारे पोशाख दिले. जंतुसंसर्गाचं प्रमाण सुमारे ७ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली आलं. गुडघा नंतरचा: १९६८ मध्ये राइटिंग्टनलाच फ्रँक गन्स्टन यांनी एक नमुना मांडला, आणि १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल यांच्या गटाने आजच्या गुडघ्याचा साचा पक्का केला.

बदललेला गुडघा किती वर्षं टिकतो? आणि मांडी घालता येते का?

२०१९ मध्ये वेगवेगळ्या देशांच्या नोंदी एकत्र करून एक हिशोब मांडला गेला. पूर्ण बदललेल्या गुडघ्यांपैकी सुमारे ८२ टक्के २५ वर्षांनंतरही टिकून होते, खुब्यांपैकी सुमारे ५८ टक्के. हे पंचवीस वर्षांपूर्वीच्या बनावटीचे सांधे आहेत, हे लक्षात ठेवा. म्हणूनच सत्तरीच्या माणसाला डॉक्टर निर्धास्तपणे हो म्हणतात आणि पन्नाशीच्या माणसाला जरा थांबायला सांगतात.

मांडी घालून पंगतीला बसणं, उकिडवं बसणं यासाठी गुडघा १३० अंशांच्या पलीकडे वाकावा लागतो. बदललेला गुडघा बहुतेकांचा ११०-१२० पर्यंत वाकतो. 'हाय फ्लेक्स' नावाचे सांधे याच हौसेवर खपतात, पण तुलनात्मक अभ्यासांत त्यांचा म्हणण्यासारखा फायदा दिसलेला नाही. ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता, यावर बरंच ठरतं.

महागडा धातू घ्यावा का? कंपनी कोणती?

ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या सांध्यांच्या किमतींवर मर्यादा घातली. नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमच्या पूर्ण सांध्याला तेव्हा कर सोडून ५४,७२० रुपये, टायटॅनियम किंवा झिर्कोनियमच्या खास प्रकाराला ७६,६०० रुपये. पुढे आकडे बदलत राहिले, पण बिलात सांध्याची किंमत वेगळी लिहून मागायचा हक्क तुम्हाला आहे. मागा.

धातूवर धातू घासणाऱ्या खुब्यांची गोष्ट मात्र विसरू नका. जॉन्सन अँड जॉन्सनच्या डीप्यू या उपकंपनीचा एएसआर नावाचा खुबा ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत बोलावला गेला. घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण सुटत, आसपासचं मांस खराब होई, रक्तात धातू चढे. भारतात सुमारे ४,७०० ऑपरेशनांत तो वापरला गेला होता. त्यातले कित्येक रुग्ण शेवटपर्यंत सापडले नाहीत, कारण कुणाला काय बसवलं याची यादीच नव्हती. केंद्राने नेमलेल्या समितीच्या शिफारशीनंतर, २०१८ मध्ये नुकसानभरपाईचं सूत्र ठरलं. ऑस्ट्रेलियात हा खुबा डिसेंबर २००९ मध्येच मागे घेतला गेला होता, कारण तिथे प्रत्येक बदललेल्या सांध्याची राष्ट्रीय नोंद होते आणि तिच्यात गडबड आधीच दिसली. स्वीडन तर गुडघ्यांची नोंद १९७५ पासून ठेवतंय.

आपल्याकडे तशी सक्तीची नोंद होईपर्यंत तुमची नोंद तुम्हीच ठेवा. प्रत्येक सांध्याबरोबर कंपनी, मॉडेल आणि लॉट क्रमांक असलेलं स्टिकर येतं. ते डिस्चार्ज कार्डावर चिकटवून घ्या, फोटो काढा आणि मुलांच्या फोनवर पाठवून ठेवा.

सांध्यांचा आणि किडनीचा संबंध काय? हे दोन विषय एकत्र का?

कारण आपल्या घरात ते एकत्र येतात. माझी आई सहा वर्षं गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅकची गोळी घेत होती. चिठ्ठी एकदाच मिळाली होती. पुढे कोपऱ्यावरच्या दुकानातून स्ट्रिप येत राहिली. गुडघ्याच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन २.१ निघालं. ऑपरेशन राहिलं बाजूला, आधी मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे चकरा सुरू झाल्या. मी रोज मूत्रपिंडाच्या पेशी सांभाळत होते आणि घरातल्या डब्यातली गोळी मला दिसली नाही, याचं दुःख आजही आहे.

या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं बनू देत नाहीत. सुजेला तीच कारणीभूत, म्हणून दुखणं थांबतं. पण मूत्रपिंडात रक्त आणणारी बारीक वाहिनी उघडी ठेवायचं कामही तीच करतात, विशेषतः शरीरात पाणी कमी असताना, म्हातारपणी, किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असताना. उन्हाळ्यात शेतात दिवसभर राबून आल्यावर रिकाम्या पोटी घेतलेली वेदनाशामक गोळी म्हणून जास्त घातक.

गिधाडं गेली ती याच औषधाने. डायक्लोफेनॅक दिलेली जनावरं मेल्यावर गिधाडांनी खाल्ली, त्यांची मूत्रपिंडं बंद पडली, आतड्यांवर युरिक आम्लाचे पांढरे थर बसले. २००४ मध्ये हे सिद्ध झालं आणि २००६ मध्ये भारताने जनावरांसाठी हे औषध बंद केलं. माणसाचं मूत्रपिंड गिधाडाइतकं नाजूक नाही, पण अवयव तोच आहे.

उलट दिशेनेही संबंध आहे. वर्षानुवर्षं डायलिसिसवर असलेल्यांच्या सांध्यांत बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन नावाचं प्रथिन साठतं आणि खांदे, मनगटं दुखतात. किडनी प्रत्यारोपणानंतर दिलेल्या स्टेरॉइडमुळे काहींच्या खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटतो आणि तरुण वयात खुबा बदलावा लागतो.

किडनीच्या पेशी वाढवून आजवर कुणाचं भलं झालं?

तुमचं झालंय. जॉन एंडर्स, थॉमस वेलर आणि फ्रेडरिक रॉबिन्स यांनी १९४९ मध्ये पोलिओचा विषाणू मज्जातंतू सोडून इतर पेशींतही वाढतो हे दाखवलं. १९५४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्यावर साल्क यांची लस उभी राहिली, ती माकडांच्या मूत्रपिंडाच्या पेशींत वाढवून. त्यासाठी लागणारी ऱ्हीसस माकडं मोठ्या संख्येने भारतातून जात. त्या मुक्या जनावरांचं ऋण आपल्यावर आहे, आणि आपण ते क्वचितच आठवतो. १९६० मध्ये त्या माकडांच्या पेशींत एसव्ही-४० नावाचा लपलेला विषाणू सापडला, तेव्हा दर वेळी नवं माकड मारून पेशी घेण्याऐवजी कायम वाढत राहणाऱ्या, तपासून घेता येणाऱ्या पेशी हव्यात, हे पटायला लागलं.

अशा तीन पेशी जगभर पोचल्या. १९५८ मध्ये मॅडिन आणि डार्बी यांनी कॉकर स्पॅनियल कुत्रीच्या मूत्रपिंडातून काढलेल्या एमडीसीके. १९६२ मध्ये जपानच्या चिबा विद्यापीठात यासुमुरा आणि कावाकिता यांनी आफ्रिकी हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून काढलेल्या व्हेरो. एस्पेरांतो भाषेतल्या 'हिरवं मूत्रपिंड' या शब्दांवरून हे नाव आलं. आणि १९७३ मध्ये नेदरलँड्सच्या लायडनमध्ये फ्रँक ग्रॅहम यांनी मानवी गर्भाच्या मूत्रपिंडातून मिळवलेल्या एचईके-२९३. २९३ हा त्यांच्या प्रयोगाचा क्रमांक.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० मध्ये करोनाचा विषाणू वेगळा केला तो व्हेरो पेशींत. कोव्हॅक्सिनचा विषाणूही व्हेरोमध्येच वाढवला गेला. पुण्याच्या सीरममध्ये तयार झालेली कोव्हिशील्ड एचईके-२९३ च्या कुळातल्या पेशींत बनली. म्हणजे तुम्ही दोन्हींपैकी कोणतीही लस घेतली असेल तरी मूत्रपिंडातून आलेल्या पेशीनेच ती बनवली. लसीत त्या जिवंत पेशी नसतात; शुद्धीकरणात त्या काढून टाकतात.

एक गंमतीची नाही, पण महत्त्वाची नोंद. एचईके-२९३ पेशी पुढे बारकाईने तपासल्या तेव्हा त्या मूत्रपिंडापेक्षा चेतापेशींच्या जास्त जवळच्या वाटल्या. त्या उत्तम लस बनवतात. मूत्रपिंडाचं काम त्यांना सांगून उपयोग नाही.

'प्रयोगशाळेत किडनी तयार केली' ही बातमी खरी असते का?

तयार होतं त्याला ऑर्गनॉइड म्हणतात. शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशी मागे नेऊन मूलपेशीसारख्या केल्या. मग गर्भात मूत्रपिंड घडताना पेशींना ज्या क्रमाने ज्या खुणा मिळतात, त्याच क्रमाने रसायनं देऊन जपानमध्ये निशिनाकामुरा यांच्या गटाने आणि ऑस्ट्रेलियात मेलिसा लिटल आणि मिनोरू ताकासातो यांनी मूत्रपिंडासारखे गोळे घडवले. २०१५ मधल्या ऑस्ट्रेलियन गोळ्यात पाचशेच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या, होत्या.

हे काम फार मोठं आहे. पेशीला तिचं काम आठवत ठेवायचं असेल तर तिला शेजारी द्यावे लागतात, हे त्यातून कळलं. पण तुमच्या एका मूत्रपिंडात सुमारे १० लाख नेफ्रॉन आहेत. दोन्ही मिळून रोज १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून सगळा परत शोषतात. ऑर्गनॉइड काही मिलिमीटरचा, पहिल्या तीन महिन्यांच्या गर्भाच्या मूत्रपिंडाइतका कच्चा. त्याला नीट रक्तपुरवठा नाही आणि बनलेली लघवी बाहेर जायला वाटही नाही. नळ आहेत, पण टाकीही नाही आणि गटारही नाही.

त्याचा उपयोग आज वेगळा आहे. घरात वारशाने येणाऱ्या, मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होण्याच्या आजाराच्या पेशींपासून ऑर्गनॉइड केले तर त्यांतही गाठी येतात. औषध आधी तिथे तपासता येतं. एखादी गोळी मूत्रपिंडाला किती त्रास देते, हे माणसाला देण्याआधी बशीत कळू शकतं. माझ्या आईसारख्यांसाठी मला ही वाट सगळ्यात जवळची वाटते.

दुसऱ्या वाटा कोणत्या?

२०१३ मध्ये बोस्टनला हॅराल्ड ऑट यांच्या गटाने उंदराच्या मूत्रपिंडातल्या सगळ्या पेशी धुऊन काढल्या, उरलेल्या सांगाड्यात नव्या पेशी पेरल्या, आणि त्यातून थोडी लघवी निघाली. दुसरी वाट यंत्राची. कोल्फ या डॉक्टरांनी १९४३ मध्ये नेदरलँड्समध्ये डायलिसिसचं यंत्र केलं तेव्हापासून यंत्र फक्त गाळतं. परत शोषणं, संप्रेरकं बनवणं त्याला जमत नाही. म्हणून मिशिगनच्या डेव्हिड ह्यूम्स यांनी यंत्रात जिवंत पेशी बसवायला सुरुवात केली. सॅन फ्रान्सिस्कोचे शुवो रॉय आणि त्यांचे सहकारी तेच शरीरात बसेल एवढं लहान करू पाहतात. २०२३ मध्ये त्यांचा पेशींचा कप्पा डुकरात आठवडाभर चालला.

तिसरी वाट डुकराच्या मूत्रपिंडाची. मार्च २०२४ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये जनुकांत ६९ बदल केलेलं डुकराचं मूत्रपिंड एका ६२ वर्षांच्या रुग्णाला बसवलं. सुमारे दोन महिन्यांनी ते गेले. मूत्रपिंडामुळे मृत्यू झाल्याची खूण रुग्णालयाला दिसली नाही. ही वाट बशीतल्या वाटेच्या पुढे आहे, असं माझं मत.

मग भावाची किडनी घ्यायचं थांबवू का? दोन-चार वर्षांत प्रयोगशाळेतली मिळेल.

थांबवू नका. हा प्रश्न मला एका डायलिसिसवरच्या तरुणाने विचारला होता, भावाच्या पोटावर वार नको म्हणून. त्याचं मन मी समजू शकते. पण कूर्चेचा विचार करा. एकाच जातीची पेशी, रक्तवाहिनी नाही, नळ नाही. १९९४ पासून तीस वर्षं गेली, तरी अजून लहान खड्डेच बुजवता येतात. मूत्रपिंडात वीसहून अधिक जातींच्या पेशी आहेत, प्रत्येकीची जागा ठरलेली आहे. जुळ्या भावाचं मूत्रपिंड घेऊन बोस्टनमध्ये २३ डिसेंबर १९५४ रोजी पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं. त्या वाटेवर सत्तर वर्षांचा अनुभव आहे. डायलिसिसवरचं प्रत्येक वर्ष हृदयाला महाग पडतं. दाता हजर असेल आणि डॉक्टर हो म्हणत असतील तर बातमीची वाट पाहू नका.

चाचणीत भाग घ्यायला सांगितलंय. घ्यावा का?

भारतातली प्रत्येक चाचणी सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत नोंदवावी लागते; २००९ पासून हे सक्तीचं आहे. नोंदणी क्रमांक मागा आणि संकेतस्थळावर स्वतः पाहा. प्रयोगाच्या औषधाचे पैसे मागितले जात असतील तर ती चाचणी नव्हे, विक्री आहे. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत, असा २०१९ चा नियम आहे. संमतीपत्र मराठीत मिळतं; घरी न्या, दोन दिवस ठेवा, घरातल्या कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवायला सांगा.

ऑपरेशनमध्ये काढलेल्या हाडाचं काय होतं?

बहुतेक वेळा कचऱ्यात जातं, आणि मला वाईट वाटतं. बदललेल्या खुब्याचा गोळा नीट तपासून, वाळवून, गॅमा किरणांनी निर्जंतुक केला तर दुसऱ्या रुग्णाच्या हाडातली पोकळी भरायला वापरता येतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल हॉस्पिटलची ऊतीपेढी (टिश्यू बँक) १९८८ पासून हे काम करते आहे. काढलेल्या गुडघ्याची कूर्चा आमच्यासारख्या प्रयोगशाळांना मिळाली तर महिनाभराचे प्रयोग होतात. माझ्या पहिल्या पेशी अशाच एका आजींच्या गुडघ्यातल्या होत्या. नाव मला कधी कळलं नाही, डब्यावर फक्त वय लिहिलं होतं, ६७.

चार्नली आपल्या रुग्णांना विचारत, की तुम्ही गेल्यावर हा खुबा आम्हाला परत द्याल का, किती झिजला ते पाहायचंय. पुष्कळांनी होकार लिहून दिला. तुम्हाला तसं काही द्यायचं असेल तर ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नाही, पहिल्याच भेटीत डॉक्टरांना विचारा. संमतीपत्रावर त्यासाठी वेगळी सही लागते.